सामाजी हसाजी दिवेकर : एका नावाच्या आदराची कहाणी

मुंबईच्या मांडवी भागात सॅम्युअल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते सामाजी हसाजी, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल दिवेकर, हे अठराव्या शतकातील बेने इस्राएल समाजाचे पुढारी होते. गोंदिया-भंडाऱ्याकडील आपल्या वाचकांना ज्यू शेजारी क्वचितच लाभला असेल. परंतु पवित्र कुरआनात ज्या बनी इस्राईलचा वारंवार उल्लेख येतो, त्यांच्याशी नाते सांगणारा हा समाज शतकानुशतके कोकणात मराठी बोलत नांदला. तेल गाळणे हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.

काळाच्या ओघात हिब्रू भाषा व धर्मग्रंथ त्यांच्या हातून सुटले. उरली ती सुंता, शनिवारची विश्रांती, आहाराचे निर्बंध आणि शेमा, म्हणजे ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारे तौरातमधील वचन. सुख असो वा दुःख, प्रत्येक प्रसंगी ते हेच म्हणत.

या वचनात ईश्वराचे चार अक्षरी हिब्रू नाव येते. योद, हे, वाव, हे ही ती अक्षरे. बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध ‘असणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. जो होता, जो आहे आणि जो सदैव राहील, असा त्याचा आशय ज्यू परंपरेत सांगितला जातो. अल-हय्य आणि अल-कय्यूम या नावांचे स्मरण करणाऱ्याला हा आशय परका वाटणार नाही. ज्यू लोक मात्र आदरापोटी हे नाव उच्चारीत नाहीत. तेथे ते अदोनाय, म्हणजे माझा प्रभू, असे वाचतात; एरवीच्या बोलण्यात हाशेम, म्हणजे ‘ते नाव’, एवढेच म्हणतात.

सामाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. १७८० ते १७८४ च्या म्हैसूर युद्धात ते आपल्या भावासह कैद झाले. बेने इस्राएलांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की, हे कैदी बनी इस्राईल असल्याचे कळताच टिपू सुलतानांच्या मातोश्रींनी त्यांच्यासाठी रदबदली केली, कारण हे नाव त्यांना कुरआनातून परिचित होते. सुटका झाल्यास प्रार्थनागृह बांधीन, असा नवस सामाजींनी केला होता. १७९६ मध्ये त्यांनी तो फेडला. मुंबईतील हे पहिले सिनेगॉग. बेने इस्राएल त्याला मराठीत मशीदच म्हणत. जवळच्या मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे अनेक जण मानतात. त्याचे हिब्रू नाव शआर हारहमीम, अर्थात दयेचे द्वार. रहमीम आणि आपला रहमत हे शब्द एकाच धातूतून आलेले आहेत.

वास्तू उभी राहिली, तरी सामाजींना तौरातच्या हस्तलिखित गुंडाळ्यांची आस होती. त्या चर्मपत्रावर हाताने लिहाव्या लागतात. ते चार अक्षरी नाव लिहिताना लेखकाने मन एकाग्र करावयाचे असते, आणि एकदा लिहिलेले नाव पुसण्यास मनाई असते. जीर्ण झालेली गुंडाळी फेकून न देता दफन केली जाते. जीर्ण मुसहफाबाबत आपल्याकडेही अशीच काळजी घेतली जाते. या गुंडाळ्या मिळविण्यासाठी सामाजी कोचीला गेले आणि १७९७ मध्ये तेथेच निधन पावले. त्यांनी उभारलेल्या प्रार्थनागृहात पुढच्या पिढ्या आपला विसरलेला ग्रंथ पुन्हा शिकल्या.

अल्लाहला कोणत्याही उत्तम नावाने हाक मारावी, सर्व सुंदर नावे त्याचीच आहेत, ही कुरआनची शिकवण आहे. ज्यू आदराने जीभ आवरतात, तर आपल्याला त्याच्या नामस्मरणाने जीभ ओली ठेवण्यास सांगितले आहे. मार्ग भिन्न आहेत. परंतु जे नाव आपल्या ओठांवर सहज येते, त्याचा तितका आदर आपल्या अंतःकरणात आहे काय? बोलता बोलता खोट्या शपथेसाठी अल्लाहचे नाव घेणाऱ्याने सामाजींचे चरित्र वाचून स्वतःला हा प्रश्न अवश्य विचारावा.