थॉमस यंग

थॉमस यंग (१३ जून १७७३ – १० मे १८२९) हे इंग्लिश वैद्य, भौतिकशास्त्रज्ञ व भाषाभ्यासक होते. प्रकाशाचे व्यतिकरण, स्थितिस्थापकतेचा यंग गुणांक आणि रोझेटा शिलालेखाच्या वाचनातील वाटा यांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. द्रवाच्या स्पर्शकोनाचा नियमही त्यांचाच. पाठ्यपुस्तकांत मात्र तो एखाद्या ओळीत आटोपतो.

सॉमरसेटमधील मिल्व्हर्टन येथे एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते थोरले. डोळ्याच्या समायोजनशक्तीवरील संशोधनामुळे वयाच्या २१ व्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८०१ ते १८०३ या काळात ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक होते. पुढे त्यांनी लंडनमध्ये वैद्यकी केली व तेथेच त्यांचे निधन झाले.

स्पर्शकोन

द्रवांच्या संसंजनावरील त्यांचा निबंध १८०५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशिष्ट द्रव व विशिष्ट घन यांच्यातील स्पर्शकोन ठरलेला असतो आणि थेंबाच्या कडेवर तीन पृष्ठताणांचा तोल साधल्याने तो ठरतो, असे त्यांनी मांडले. हे सारे त्यांनी शब्दांतच सांगितले. आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण त्या निबंधात नाही. ही लेखनशैली दुर्बोध होती. लाप्लास यांनी लगोलग केशाकर्षणाचे गणित मांडल्याने श्रेयाचा मोठा भाग तिकडे गेला.

यंग यांचा नियम गुळगुळीत व एकजिनसी पृष्ठभाग गृहीत धरतो. कापड तसे नसते. खडबडीत पृष्ठभागाची सूत्रे आली ती कापडाच्या जलरोधकतेच्या अभ्यासातूनच. वेन्झेल (१९३६) यांच्या मते द्रव खाचांत शिरला की प्रत्यक्ष स्पर्शक्षेत्र वाढते. म्हणून भिजणारा पृष्ठभाग अधिक भिजतो, न भिजणारा अधिकच पाणी झिडकारतो. कॅसी व बॅक्स्टर (१९४४) यांनी खाचांत हवा अडकून थेंब तंतूंच्या माथ्यावर टेकतो ही स्थिती विचारात घेतली. सोलापूरचा कोरा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी नीट टिपत नाही, हे येथे आठवावे. सुतावरील खळ व मऊपणासाठी लावलेली द्रव्ये धुतली गेली की तेच फास पाणी शोषू लागतात; खडबडीतपणा तोच, पण तंतूचा मूळ स्पर्शकोन बदललेला असतो.

या सूत्रांनाही मर्यादा आहेत. खडबडीत पृष्ठभागावर पुढे सरकणाऱ्या थेंबाचा कोन मोठा, तर मागे हटणाऱ्याचा लहान भरतो. त्यामुळे एकदा मोजलेला कोन यंग यांचा कोन मानता येत नाही. गाओ व मॅकार्थी यांनी २००७ मध्ये थेंबाखालचे क्षेत्रफळ नव्हे, तर त्याची कड निर्णायक असते, असा आक्षेप घेतला. कडेजवळचा खडबडीतपणा सर्वत्र सारखा असेल तर जुनी सूत्रे चालतात, असे त्यावरचे उत्तर आहे.