सुपरमॅनला उडायला लावणारा शिंप्याचा मुलगा

मागच्या दिवाळीत आमच्या नणंदेच्या नातवानं गळ्याला टॉवेल बांधला आणि ओट्यावरून खाली झेप घेतली. गुडघा फुटला, हनुवटीला दोन टाके पडले. फराळाची ताटं तशीच टाकून आम्ही सगळ्या दवाखान्यात! परत येताना रिक्षात मी त्याला समजावलं, की असल्या उड्या मारायच्या नसतात रे राजा. तर हा पठ्ठ्या रडं थांबवून माझीच चूक काढायला लागला. म्हणे, सुपरमॅन उड्या मारत नाही, तो उडतो.

तेव्हा मी गप्प बसले. पुढे याच नादानं वाचत गेले तेव्हा कळलं, की माझंही अगदीच चुकलं नव्हतं. 1938 साली अमेरिकेत सुपरमॅनचं पहिलं कॉमिक्स आलं तेव्हा तो उडत नव्हताच. उंच इमारती ओलांडेल एवढी लांब उडी मारायचा, बस्स. पडद्यावर त्याला उडायला शिकवलं ते कार्टून काढणाऱ्या माणसांनी. आणि त्यांचा म्होरक्या होता मॅक्स फ्लायशर. वॉल्ट डिस्नेचं नाव आपल्या घरातली पोरंसोरंही घेतात. हा त्याच्याच काळातला, त्याच्याच तोडीचा माणूस. पण आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं.

मॅक्सचा जन्म 1883 सालचा, पोलंडमधल्या क्राकाव शहरातला. वडील शिंपी. मॅक्स चार वर्षांचा असताना हे ज्यू कुटुंब न्यूयॉर्कला आलं. सुरुवातीला बरं चाललं होतं, मग धंदा बसला आणि घर ब्रुकलिनमधल्या गरीब वस्तीत आलं. भावंडं बरीच. मॅक्सच्या हातात चित्रकला होती आणि डोक्यात यंत्रं. ब्रुकलिनच्या एका वर्तमानपत्रात तो पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून लागला आणि तिथेच व्यंगचित्रकार झाला. पुढे विज्ञानाच्या एका मासिकात कलासंपादक.

त्या काळात कार्टूनमधली माणसं फार धक्के खात हलायची. मॅक्सनं त्यावर एक युक्ती काढली. आधी खऱ्या माणसाची फिल्म घ्यायची, मग तिचं एकेक चित्र काचेवर खालून पाडायचं आणि वर कागद ठेवून गिरवायचं. आपण रांगोळीचा किंवा भरतकामाचा छाप खालून दिवा लावून गिरवतो ना, तसंच! या यंत्राला त्यानं रोटोस्कोप नाव दिलं. 1915 साली पेटंटसाठी अर्ज केला, 1917 साली ते मिळालं. गिरवायला माणूस कोण? तर धाकटा भाऊ डेव्ह. तो विदूषकाचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर नाचला आणि त्यातून कोको नावाचा विदूषक जन्माला आला. दिवसा नोकरी आणि रात्री घरच्याच खोलीत हे उद्योग. एवढीशी फिल्म पुरी व्हायला वर्ष लागलं म्हणतात.

या दोघा भावांनी मग न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ थाटला. गाण्याच्या ओळींवर टुणटुण उड्या मारत जाणारा चेंडू, म्हणजे प्रेक्षकांनी सोबत गावं म्हणून, ही त्यांचीच कल्पना. 1930 साली बेटी बूप आली. तोकड्या कपड्यांतली, नाचरी, हजरजबाबी. 1934 पासून हॉलिवूडची सेन्सॉरची नियमावली कडक झाली आणि बिचारीचा झगा लांब झाला, सोबतीला कुत्र्याचं पिल्लू आलं आणि ती घरकामाला लागली. (काढलेल्या बाईलासुद्धा पदर सावरायला लावणारी माणसं सगळ्या देशांत असतात!) याच स्टुडिओत लिलियन फ्रीडमन ही अमेरिकन स्टुडिओंमधली पहिली बाई ॲनिमेटर झाली, 1933 साली. एरवी बायकांकडे शाईनं गिरवणं आणि रंग भरणं एवढंच काम असे. तिला पुरुषांपेक्षा पगार बराच कमी होता. मॅक्स कामगारांशी प्रेमानं वागायचा, पण पगाराच्या बाबतीत त्याचा हात आखडता होता. 1937 साली त्याच्या लोकांनी पाच महिने संप केला आणि तो त्याच्या फार जिव्हारी लागला. दुसऱ्याच वर्षी सगळं बिऱ्हाड त्यानं दूर मायामीला हलवलं. पॅरामाउंट कंपनीच्या पैशानं नवा मोठा स्टुडिओ बांधला. पुढच्या दुखण्याचं मूळ या कर्जात आहे.

आता सुपरमॅन. 1941 साली पॅरामाउंटनं फ्लायशर बंधूंना सुपरमॅनची कार्टून काढायला सांगितलं. भावांना हे काम नको होतं. गोल गोल, रबरासारख्या आकृत्या काढायची त्यांच्या लोकांना सवय, आणि इथे हवा होता हाडामांसाचा वाटणारा माणूस. नको असलेल्या गिऱ्हाइकाला आपण कसा अव्वाच्या सव्वा भाव सांगतो, तसं डेव्हनं एका फिल्मचे एक लाख डॉलर सांगितले म्हणे. दहाएक मिनिटांच्या कार्टूनला तेव्हा याच्या चौथा हिस्साही लागत नसे. पण गिऱ्हाईक हटेना! घासाघीस होऊन पहिली फिल्म पन्नास हजारांवर ठरली.

मग ते कामाला लागले. कॉमिक्समध्ये एका चौकोनात सुपरमॅन जमिनीवर आणि पुढच्या चौकोनात गच्चीवर असला की भागतं. मधलं वाचणारा मनातच भरून काढतो. पण पडद्यावर मधलंही दाखवावं लागतं, आणि सारखा टणाटण उड्या मारणारा धिप्पाड माणूस नाकतोड्यासारखा दिसायला लागला. म्हणून तो उडाला. एकदम नव्हे हं. पहिल्या फिल्मांमध्ये तो अर्धा उडी मारतो, अर्धा तरंगतो, मग हळूहळू सरळ उडायलाच लागतो. टेलिफोनच्या खोक्यात शिरून कपडे बदलणं, ज्यावर नंतर इतके विनोद झाले, तेही कॉमिक्सनं नव्हे, याच मालिकेतल्या दुसऱ्या फिल्मनं दिलं.

मी या फिल्मा पाहिल्या. हक्कांचं नूतनीकरण वेळेवर न झाल्यानं त्या आज कुणालाही फुकट बघता येतात. मला आवडलं ते त्यातलं कमी बोलणं. लांब सावल्या, काळोखातून येणारा उजेड, आणि हा बाबा गप्प राहून काम करतो. वीज अंगावर घेताना त्याला त्रास होतो, तो मागे रेटला जातो, पुन्हा उठतो. आताच्या कार्टूनमधले वीर मारता मारता भाषणं फार देतात, असं माझं मत.

आणि लोइस लेन! तिच्यासाठी तरी बघाच. पहिल्याच फिल्ममध्ये वेड्या शास्त्रज्ञाची बातमी आणायला ती एकटी विमान चालवत जाते. 1941 साली! दुसऱ्या फिल्ममध्ये दागिने चोरणाऱ्या यंत्रमानवाच्या पोटात चढून बसते. शेवटी सुपरमॅननं तिला सोडवायचं हे ठरलेलंच, त्याचा मला थोडा कंटाळाही आला. पण ती पळून घरी जात नाही, कचेरीत जाऊन बातमी लिहिते. पहिल्या फिल्मच्या शेवटी पहिल्या पानावर बातमी झळकते ती तिची. आपण लहानपणी वाचलेल्या वेताळाच्या कॉमिक्समधली डायना आठवा, तिच्याशेजारी ही बसू शकेल.

पहिल्या फिल्मला ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस मात्र डिस्नेच्या प्लूटोनं नेलं. लोकांना सुपरमॅन फार आवडला. आणि नेमक्या याच दिवसांत मॅक्सचं घर मोडत होतं.

दोघा भावांत अबोला होता. कारणं अनेक सांगतात. डेव्हचं बाहेरचं प्रकरण मॅक्सला पटलं नव्हतं, शिवाय कामातला मान कुणाचा हा जुना वाद होताच. एकाच इमारतीत बसून दोघं एकमेकांना चिठ्ठ्या पाठवायचे. आपल्याकडे एका घरात दोन चुली मांडतात, तसंच. नामावलीत मात्र निर्माता मॅक्स आणि दिग्दर्शक डेव्ह, शेजारी शेजारी. मधली निरोप पोचवणारी माणसं किती अवघडली असतील! त्यात महायुद्धामुळे युरोपातली कमाई बुडाली होती, कर्ज वाढलं होतं. पॅरामाउंटनं दोघांकडून तारीख न घातलेले राजीनामे आधीच लिहून घेतले होते. 1941 च्या डिसेंबरात त्यांची दुसरी मोठी फिल्म आली, ती पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या गदारोळात पडली. डेव्ह त्याआधीच कॅलिफोर्नियाला निघून गेला होता. 1942 साली मॅक्स स्वतः उभ्या केलेल्या स्टुडिओतून बाहेर पडला.

सुपरमॅनच्या एकूण सतरा फिल्मा निघाल्या. पहिल्या नऊ फ्लायशर स्टुडिओच्या, पुढच्या आठ मालक बदलल्यानंतरच्या. माणसं बरीचशी तीच, पण आता लढाई सुरू झाली होती. वेडे शास्त्रज्ञ मागे पडले आणि सुपरमॅनसमोर जपानी, जर्मन आले. त्यातले जपानी चेहरे इतके विद्रूप काढलेत की बघवत नाहीत. ती फिल्म मी मुलासमोर लावली नाही.

मॅक्सनं पुढे डेट्रॉईटच्या एका कंपनीत नोकरी धरली. जुन्या फिल्मा पुन्हा दाखवताना त्याचं नाव काढून टाकलं होतं, म्हणून पॅरामाउंटवर दावा लावला. वर्षानुवर्षं लढला आणि हरला. त्याचा मुलगा रिचर्ड दिग्दर्शक झाला. त्याला मोठ्या फिल्मसाठी बोलावणं आलं ते नेमकं डिस्नेकडून. रिचर्डनं आधी वडिलांना विचारलं. वडिलांनी आनंदानं होकार दिला. ती फिल्म 1954 साली आली. मॅक्स डिस्नेच्या स्टुडिओत पाहुणा म्हणून गेला, जेवायला बसला, आणि टेबलाभोवती एकेकाळी त्याच्याकडेच शिकलेली माणसं होती. त्या जेवणात त्याला घास कसा गेला असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

सिनेमावाल्यांच्या वृद्धाश्रमात 1972 च्या सप्टेंबरात मॅक्स गेला. सुपरमॅन ज्यांनी मुळात रचला त्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघा पोरांनीही त्याचे हक्क अवघ्या 130 डॉलरना विकले होते, ती आणखी वेगळी कथा. जपानच्या मियाझाकीनं 1986 सालच्या आपल्या फिल्ममध्ये घेतलेला यंत्रमानव मॅक्सच्या यंत्रमानवाचा थेट भाऊबंद वाटतो. 1992 साली आलेल्या बॅटमनच्या कार्टून मालिकेतल्या सावल्याही तिथल्याच.

मेच्या सुट्टीत तो टाके पडलेला वीर पुन्हा आला होता. त्याला मी पहिली फिल्म लावून दिली. सुपरमॅननं गुडघे वाकवले, जमिनीला रेटा दिला आणि वर गेला. पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी काही बोलले नाही. त्यानं फिल्म मागे नेली आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला.