रॉबर्ट मरे मक्शेन : पाळक दूर असता फुललेली मंडळी

मंडळीचे पाळक परगावी गेलेले असले म्हणजे रविवारी सकाळी घंटा तर वाजते, पण घरांतून माणसे लवकर निघत नाहीत, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस असेल. आज पाद्रीसाहेब नाहीत, मास्तरच उपासना चालविणार, तेव्हा गेले काय आणि न गेले काय, असे कोणी बोलून दाखवितात, कोणी मनातल्या मनात म्हणतात. उलटपक्षी, आपणावाचून मंडळीचे चालत नाही असे पाहून ज्यांच्या मनास गुप्त समाधान वाटते असे पाळकही आहेत; आणि हे लिहिताना आम्ही स्वतःस त्यांतून वगळीत नाही. हे दोन्ही रोग एकाच मुळापासून उगवतात. त्यांवर औषध म्हणून स्कॉटलंड देशातील एका तरुण पाळकाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवतो.

रॉबर्ट मरे मक्शेन यांचा जन्म २१ मे १८१३ रोजी एडिंबरो शहरी झाला. वडील वकिलीच्या धंद्यात असून घरची स्थिती चांगली होती. रॉबर्ट हे सर्वांत धाकटे. चौदाव्या वर्षी ते एडिंबरोच्या विश्वविद्यालयात गेले. बुद्धी तीव्र, स्वभाव आनंदी, गाण्याची, चित्रे काढण्याची व कविता करण्याची आवड. देवळात जाणे होते, पण मन जगाच्या करमणुकीत गुंतलेले होते. त्यांचा वडील भाऊ डेव्हिड हा मात्र खरा भक्तिमान असून धाकट्या भावासाठी नित्य प्रार्थना करी. हा भाऊ जुलै १८३१ मध्ये वारला. जिवंतपणी त्याच्या बोलण्याने जे झाले नाही ते त्याच्या मरणाने झाले. रॉबर्ट यांचे डोळे उघडले व ते तारणाऱ्याकडे वळले. पुढे दरवर्षी तो दिवस ते आठवणीने पाळीत. त्याच वर्षी त्यांनी थोर पंडित डॉ. थॉमस चामर्स यांच्या हाताखाली धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला.

१८३५ साली त्यांस उपदेश करण्याची परवानगी मिळाली व लार्बर्ट आणि डुनिपेस या जोडमंडळीत ते मदतनीस पाळक झाले. तो मुलूख कोळशाच्या खाणींचा व लोखंडाच्या कारखान्यांचा. याच काळात हिंदुस्थानातून परत गेलेले डॉ. अलेक्झांडर डफ यांची भाषणे त्यांनी ऐकली, आणि देवाने वाट उघडल्यास आपणही हिंदुस्थानात जावे असे त्यांच्या मनाने घेतले. तसे घडून आले नाही. २४ नोव्हेंबर १८३६ रोजी डंडी शहरातील सेंट पीटर्स मंडळीवर त्यांची दीक्षाविधीने नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

डंडी हे तागी व सुती नव्हे, तर मुख्यतः जवसाच्या धाग्याचे कापड विणणाऱ्या मजुरांचे शहर होते. पुढे बंगालच्या तागाच्या गिरण्यांमुळे त्याचे नाव जगभर झाले. मक्शेन यांच्या हद्दीत सुमारे चार हजार वस्ती होती, आणि तीत कोणत्याही देवळाचा उंबरठा न चढणारे लोक पुष्कळ होते. देऊळ मात्र नुकतेच बांधलेले, सुमारे अकराशे माणसे बसतील एवढे मोठे होते.

त्या काळची प्रेस्बिटेरियन मंडळीची रविवारची सकाळ कशी असे हे आमच्या वाचकांस सांगितले पाहिजे. घंटा वाजली की लोक येत. दाराशी मंडळीचे वडील दानपात्राजवळ उभे असत व येणारा प्रत्येक जण आपले दान त्यात टाकून आत जाई. आत मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत, बाजाची पेटीही नाही. व्यासपीठाखाली एक मनुष्य बसे. तो सूर धरी व त्याच्या मागून सर्व लोक बसल्या बसल्या दाविदाची स्तोत्रे गात. प्रार्थनेस मात्र सर्व उभे राहत. नंतर शास्त्रवाचन व त्यावर दीर्घ उपदेश. दुपारी पुन्हा एकदा अशीच उपासना होई. या साध्या विधीत मनुष्याचे डोळे दिपविणारे काही नव्हते. जे काही होते ते देवाच्या वचनात होते. म्हणून वचन सांगणारा निर्जीव असला तर सर्वच कोरडे पडे.

मक्शेन यांची रविवारची उपासना शनिवारीच सुरू होई. शनिवारी दुपारी ते आपल्या लोकांपैकी मरणाच्या दारी टेकलेल्या एखाद्या आजाऱ्याकडे जात. ज्यास उद्याचा दिवस दिसेल की नाही याची खात्री नाही अशाच्या खाटेजवळ बसले म्हणजे व्यासपीठावर वायफळ शब्द तोंडातून निघत नाही, असा त्यांचा हेतू होता. आठवड्यातील इतर दिवशी ते घरोघर जात; कधी कधी एका दिवसात वीस घरे होत, व संध्याकाळी त्या सर्व घरांच्या माणसांस एके ठिकाणी जमवून ते उपदेश करीत. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी प्रार्थनासभा सुरू केली, मुलांसाठी शब्बाथशाळा उघडल्या, आणि प्रभुभोजन वर्षातून चार वेळा होऊ लागले. पाळक झाल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी यशयाच्या ६१ व्या अध्यायाच्या पहिल्या तीन वचनांवर उपदेश केला, आणि पुढे दरवर्षी त्या दिवसाच्या सुमारास त्याच वचनांवर ते बोलत, जणू काय आपला करार पुन्हा तपासून पाहत.

लोकांची त्यांच्यावर फार प्रीती जडली. शहराच्या दूरच्या भागांतून लोक येऊ लागले. परंतु शरीर दुर्बळ होते. १८३८ सालाच्या अखेरीस छातीत धडधड होऊ लागली व वैद्यांनी सर्व काम थांबविण्यास सांगितले. ते एडिंबरोस आईबापांकडे जाऊन राहिले. कामाच्या ऐन भरात, पिकाला पाणी हवे असता, मोट बंद पडावी तसे हे झाले. त्यांनी तेथून आपल्या लोकांस दहा पत्रे लिहिली. देव पाळकाला बाजूस करतो तेव्हा त्यातही पाळकास व मंडळीस शिकण्यासारखे असते, हा त्यांतील भाव होता. लिहिणे सोपे, पण ते खरे आहे की नाही याची परीक्षा पुढे व्हायची होती.

त्या सुमारास स्कॉटलंडच्या मंडळीने यहूदी लोकांची स्थिती पाहण्यासाठी चार पाळकांस पॅलेस्टाईन देशी पाठविण्याचे ठरविले. हवापालट होईल म्हणून मक्शेन यांसही त्यांत घेतले. सोबत त्यांचे जिवलग मित्र अँड्र्यू बोनार होते, व डॉ. ब्लॅक आणि डॉ. कीथ हे दोन वयस्क पाळक होते. सेंट पीटर्सच्या मंडळीचे काम चोवीस वर्षांच्या एका तरुणाकडे सोपविण्यात आले. त्यांचे नाव विल्यम चामर्स बर्न्स. किल्साइथ गावच्या पाळकांचे हे चिरंजीव. निघण्यापूर्वी मक्शेन यांनी त्यांस पत्र लिहिले आणि आपल्या हातून झाले त्याहून पुष्कळ अधिक फळ तुमच्या हातून होवो, अशी इच्छा प्रगट केली.

एप्रिल १८३९ मध्ये या मंडळींनी इंग्लंडचा किनारा सोडला. फ्रान्स, इटली, माल्टा व मिसर असा प्रवास करून, वाळवंट उंटावरून ओलांडून ते जून महिन्यात यरुशलेमेस पोहोचले. परतीच्या वाटेवर, जुलैच्या अखेरीस, मक्शेन यांस तीव्र ताप भरला. स्मुर्णा शहराजवळील एका खेड्यात ते मृत्युशय्येवर असल्यासारखे पडून होते, आणि दूर असलेल्या आपल्या कळपासाठी प्रार्थना करणे एवढेच त्यांच्या हाती उरले होते.

त्याच सुमारास, २३ जुलै १८३९ रोजी, बर्न्स हे आपल्या वडिलांच्या गावी किल्साइथ येथे उपदेश करीत होते. सभा बाजारात भरायची होती, परंतु पावसामुळे लोक देवळात जमले. त्या सकाळी उपदेश चालू असता देवाच्या आत्म्याने लोकांची मने अशी हालविली की सर्व सभा रडू लागली. ऑगस्ट महिन्यात बर्न्स डंडीस परत आले, आणि सेंट पीटर्सच्या गुरुवारच्या प्रार्थनासभेत, मक्शेन यांनीच सुरू केलेल्या त्या सभेत, तसेच घडले. पुढे पुष्कळ आठवडे बहुतेक दररोज संध्याकाळी देऊळ भरू लागले. त्या ऋतूत सहाशे ते सातशे माणसे आपल्या आत्म्याविषयी विचारण्यास पाळकांकडे आली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्याने दोन-अडीच वर्षे नांगरले, पेरले, रात्रंदिवस अश्रू ढाळले, तो परमुलखात तापाने पडला आहे. आणि पीक कापणारा त्याच्याहूनही तरुण असा दुसराच कोणी आहे. हे वर्तमान मक्शेन यांस जर्मनीतील हँबुर्ग बंदरी कळले. दुसरा कोणी असता तर आनंदाबरोबर त्याच्या मनात काटाही सलला असता. आम्ही आपल्या मनाकडे पाहून हे म्हणतो. शेजारच्या गावी दुसऱ्या उपदेशकाच्या हातून दहा जणांचा बाप्तिस्मा झाला असे ऐकले म्हणजे आम्ही देवाची स्तुती करतो खरी, पण ती करताना जीभ किंचित अडखळते.

मक्शेन यांची जीभ अडखळली नाही. नोव्हेंबर १८३९ मध्ये ते डंडीस परत आले, तो गुरुवार होता. संध्याकाळी देऊळ इतके भरले होते की जागा मिळेना. त्यांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभ घेऊन उपदेश केला. वक्तृत्वाने किंवा मनुष्याच्या ज्ञानाने नव्हे, तर आत्म्याच्या सामर्थ्याने काम होते, असे पौल त्या ठिकाणी सांगतो. घरी परतलेल्या पाळकाने निवडावा असा याहून योग्य भाग आम्हांस सुचत नाही. आपल्या मंडळीत प्रार्थनेचे एकोणचाळीस मेळावे चालत आहेत व त्यांपैकी पाच तर लहान मुलांनीच चालविलेले आहेत, असे त्यांस आढळून आले. बर्न्स यांच्याशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. तसेच, जागृत झालेल्यांपैकी कित्येक पुन्हा मागे गेले हेही त्यांनी झाकून ठेवले नाही. जे खरे होते ते खरे म्हणून आणि जे पोकळ होते ते पोकळ म्हणून त्यांनी मोजले. कारण हिशेब आपला नव्हे, धन्याचा आहे, हे त्यांस ठाऊक होते.

१८४२ सालाच्या अखेरीस त्यांनी आपल्या मंडळीसाठी शास्त्रवाचनाचा एक तक्ता तयार केला. १ जानेवारी १८४३ पासून दररोज चार भाग वाचायचे. दोन कुटुंबात, दोन एकांतात. अशाने वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. या तक्त्याप्रमाणे वाचणारे लोक अनेक देशांत आजही आहेत.

त्या वर्षी त्यांच्या हद्दीत टायफस तापाची साथ होती, आणि आजाऱ्यांच्या घरी जाणे त्यांनी सोडले नाही. रविवार, १२ मार्च १८४३ रोजी त्यांनी सकाळी व दुपारी आपल्या देवळात आणि संध्याकाळी ब्रॉटी फेरी येथे उपदेश केला. नंतर लवकरच ताप आला. शनिवार, २५ मार्च रोजी सकाळी, वयाच्या तिसाव्या वर्षात, ते प्रभूकडे गेले. त्यांच्या पश्चात एक पत्र न उघडलेले सापडले. ब्रॉटी फेरी येथील शेवटच्या उपदेशाने आपणास लाभ झाला असे कोणी अनोळखी मनुष्याने त्यात कळविले होते. तेही फळ पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही. त्यांच्याच देवळाच्या आवारात त्यांचे शरीर ठेवले आहे.

दोन महिन्यांनी, १८ मे १८४३ रोजी, चारशेहून अधिक पाळकांनी सरकारी मंडळी सोडून स्कॉटलंडची फ्री चर्च स्थापन केली. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांसारखे हिंदुस्थानातील मिशनरी तिलाच मिळाले. त्यामुळे आमच्या महाराष्ट्रातील काही मंडळ्यांच्या उपासनेचा धागा त्या साध्या स्कॉच देवळांशी जोडलेला आहे. बर्न्स हे १८४७ साली चीन देशी मिशनरी म्हणून गेले व १८६८ साली तेथेच वारले. १८४४ मध्ये बोनार यांनी आपल्या मित्राचे चरित्र छापले, आणि ते दूरदूरच्या देशांत वाचले गेले.

मक्शेन यांच्या त्या वाचनाच्या तक्त्याकडे आम्ही पुन्हा वळतो. त्यांनी स्वतः त्यातील जेमतेम बारा आठवडे पाहिले. पण तक्ता २५ मार्चला संपत नव्हता. २६ मार्च हा रविवार होता, आणि त्या दिवसाचे भागही त्यांनी आपल्या लोकांसाठी आधीच नेमून ठेवले होते. पाळक गेला होता; वचन पुढे वाचायचे होते.

म्हणून, पाळक बंधूंनो, आपण गावी नसता मंडळी वाढली तर ती आपली लाज नव्हे, आपले वेतन आहे. उपदेशक व मास्तर बंधूंनो, तुम्ही नुसते जागा राखणारे नाही. डंडीस देवाने जागा राखणाऱ्याच्याच हातून दार उघडले. आणि मंडळीतील बंधुभगिनींनो, येत्या रविवारी सकाळी घंटा वाजेल तेव्हा आज कोण बोलणार हे विचारण्यापूर्वी उठून निघा. ज्याच्यासाठी उपासना भरते तो परगावी गेलेला नसतो.