वर्षाचे भाडे एक गुल्डन

घरभाडे वर्षागणिक वाढतच जाते, हा आपल्या सर्वांचा अनुभव. परंतु जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरात गरजू कॅथोलिक कुटुंबांची एक वस्ती अशी आहे की, तिचे भाडे गेल्या ५०० वर्षांत वाढलेले नाही. ती वस्ती उभारणाऱ्या याकोब फुगरची ही जीवनकथा.

याकोबचा जन्म १४५९ साली ऑग्सबर्ग येथे झाला. त्याचे आजोबा विणकर. पोटासाठी खेड्यातून शहरात आलेले. याकोबने धर्मसेवेत जावे अशी घरच्यांची इच्छा होती, पण तो व्यापारात उतरला. टायरॉलची चांदी, हंगेरीचे तांबे आणि राजेरजवाड्यांना दिलेली कर्जे यांतून तो युरोपातील सर्वात श्रीमंत सावकार झाला. १५०५ साली लिस्बनहून भारताकडे निघालेल्या आल्मेडाच्या ताफ्यातही त्याचा पैसा होता. १५१९ साली पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून आला तो मुख्यत्वे फुगरच्या कर्जाच्या बळावर.

हा सारा पैसा निष्कलंक नव्हता. आर्चबिशप आल्ब्रेख्त यांनी मैंझचे पद मिळवताना फुगरकडून मोठे कर्ज काढले. ते फेडण्यासाठी पापदंडाच्या माफीपत्रांतून जमलेल्या रकमेचा अर्धा वाटा वापरण्यात आला. याच माफीपत्रांच्या प्रचाराविरुद्ध १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आवाज उठवला आणि पुढे ख्रिस्तसभा दुभंगली. याकोबच्या चरित्रातील हे पान झाकून ठेवता येत नाही.

त्याच सुमारास, १५१६ साली, त्याने शहरात जागा घेऊन गरिबांसाठी घरे बांधायला सुरुवात केली. २३ ऑगस्ट १५२१ रोजी आपल्या व दिवंगत भावांच्या नावे त्याने या वस्तीचे दानपत्र केले. तिला लोक ‘फुगराय’ म्हणू लागले. आपला दोष नसताना अडचणीत आलेले शहरातील कारागीर आणि मजूर यांच्यासाठी ती होती. प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्यावरून स्वतंत्र दार होते. भाडे वर्षाला एक ऱ्हाइनी गुल्डन. शिवाय रहिवाशांनी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या: प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि विश्वासांगीकार. त्या फुगर घराण्यासाठी अर्पण करायच्या.

याकोबला घरे फुकट देणे सहज शक्य होते. पण थोडे का होईना, भाडे भरणारा माणूस कोणाचा आश्रित राहत नाही, तो मान वर करून स्वतःच्या दारातून आत जातो. प्रार्थनेच्या अटीने तर देणारा आणि घेणारा यांच्या जागाच बदलल्या. सम्राटांना कर्ज देणारा हा सावकार गवंड्यामजुरांकडे आपल्या आत्म्यासाठी हात पसरत होता. आपल्या हिशेबात काय कमी आहे, हे त्याला कळले असावे.

३० डिसेंबर १५२५ रोजी याकोब मरण पावला. त्याला मूलबाळ नव्हते. परंतु दान एकदाच देऊन तो थांबला नव्हता. वस्तीचा खर्च चालावा म्हणून त्याने वेगळी ठेव ठेवली होती. पुढे घराण्याच्या संस्थेने जंगलांच्या उत्पन्नातून ती चालवली. संगीतकार मोझार्टचे पणजोबा, गवंडीकाम करणारे फ्रान्झ मोझार्ट, येथेच राहत होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात वस्तीचा मोठा भाग बेचिराख झाला. रहिवासी तळघरातील आसऱ्यामुळे वाचले, आणि घरे पुन्हा उभी राहिली.

आज तेथे सुमारे १५० माणसे राहतात. भाडे तेच, म्हणजे ८८ युरो सेंट; वीज-पाण्याचा खर्च तेवढा वेगळा. युरोपच्या बँका एका काळी ज्याच्या नावाने चालत, त्या घराण्याची ती सावकारी केव्हाच बुडाली. त्याने ज्यांना कर्जे दिली ते राजेही गेले. गरिबाच्या डोक्यावर घातलेले छप्पर मात्र राहिले, आणि त्या छपराखाली आजही याकोबसाठी प्रार्थना होते.

आपण कोणाच्या घराला हातभार लावतो तेव्हा देणारे फक्त आपणच असतो का? याचा विचार या रविवारी आपण सर्वांनी करू या.