ग्रीनरची बंदूक

हॉस्टेलवर आमच्या वरठीची ओळख दोनच गोष्टींनी होते. भंडारा रोड स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. तिसरी गोष्ट आमच्या घरात आहे, आबाजींची दुनळी बंदूक. आता ती काकांच्या लायसन्सवर आहे. नळीवर ग्रीनर हे नाव कोरलेलं, म्हणून ती लाखाची, असं घरात सगळेच धरून चाललेले. गेल्या दिवाळीत काकांनी ठरवलं की धानाच्या बांध्यांत डुकरं फार झालीत, नवी काडतुसं आणून दोन बार हवेत काढायचे. मी त्यांना आठ दिवस थांबवलं आणि हा ग्रीनर कोण ते वाचायला बसलो.

विल्यम वेलिंग्टन ग्रीनरचा जन्म 1834 चा. वडीलही नामी बंदूकवाले, न्यूकॅसल सोडून बर्मिंगहॅमला आलेले. तोंडाकडून ठासायची बंदूकच खरी, मागून उघडणारी कुचकामी, हे त्यांचं ठाम मत. पोराला नेमकं उलट वाटायचं. 1855 मध्ये त्याने वेगळा धंदा थाटला आणि 1864 मध्ये मागून भरायच्या बंदुकीचं पेटंट घेतलं. वडील 1869 मध्ये गेले, तेव्हा कुठे दोन्ही धंदे एक झाले. (ब्रँच निवडताना आपल्या घरी झालेलं भांडण आठवलं ना?)

त्याचं खरं नाव झालं ते चोकमुळे. नळीचं तोंड किंचित अरुंद केलं की छर्रे कमी पांगतात. कल्पना त्याची एकट्याची नव्हे, पेप नावाच्या कारागिराचं पेटंट 1866 चं आहे. पण दर वेळी हमखास जमेल अशी पद्धत ग्रीनरने 1874 मध्ये बसवली. लोकांचा विश्वास बसेना. 1875 मध्ये लंडनला जाहीर चाचण्या झाल्या आणि त्याच्या बंदुका सरस ठरल्या. पूर्ण चोक म्हणजे 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात साधारण 70 टक्के छर्रे. 1881 मध्ये त्याने बंदुकीच्या इतिहासावर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. 1921 मध्ये तो वारला.

एवढं नाव झालं की नकला आल्याच. तेव्हा बेल्जियममध्ये इंग्रजी कारागिरांची नावं घालून स्वस्त बंदुका निघत. म्हणून जाणकार वरचं नाव बघत नाहीत, नळ्या सुट्या करून खालचे चाचणीचे शिक्के बघतात. काकांनी नळ्या काढल्या. बर्मिंगहॅमचा शिक्का कुठेच नाही! लंबगोलात ईएलजी ही अक्षरं, खाली तारा, वर मुकुट. हा लिएजचा शिक्का, आणि मुकुट आला 1893 मध्ये. म्हणजे माल बेल्जियमचा आणि 1893 नंतरचा. लाखाची बात तिथेच संपली.

काकांचा चेहरा उतरला, पण मला धडकी भरली ती वेगळ्याच कारणाने. नळ्यांवर लाटालाटांची नक्षी होती. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेली ही दमास्कस नळी. असंख्य जोड, आत कुठे गंज शिरला ते बाहेरून कळत नाही. त्यात धूरविरहित दारूच्या चाचणीचा शिक्काही नाही, म्हणजे ती तपासली फक्त काळ्या दारूवर. आजच्या काडतुसाचा दाब तिने झेलला नसता तर काकांचा डावा हात गेला असता.

काडतुसं आणलीच नाहीत. डुकरांसाठी सध्या काका टिनाचा डबा वाजवतात.