टेकडीवरचे खडे वेचणारा गणिती

पुण्यात लॉ कॉलेजच्या टेकडीवर रोज सकाळी शेकडो माणसे फिरायला जातात. पायाखालच्या खड्यांकडे कोण कशाला बघेल? एका माणसाने बघितले. त्या खड्यांतून त्याने अश्मयुगातील माणसाची गारगोटीची बारीक हत्यारे वेचली. तो पुरातत्त्व खात्याचा साहेब नव्हता, इतिहासाचा प्राध्यापकही नव्हता. तो होता गणिती. नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद म्हणजे श्रीलंकेत जाऊन भिक्खू झालेले, मराठी माणसाला मराठीतून तथागत समजावून सांगणारे पाली पंडित. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. बनारस आणि अलिगढला शिकवून ते फर्ग्युसन कॉलेजात आले. याच कॉलेजात वडिलांनी पाली शिकवली होती. पुढे १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. घर मात्र पुण्यातच, त्यामुळे डेक्कन क्वीनने जाणे-येणे.

गणितातून ते इतिहासात शिरले ते नाण्यांच्या वाटेने. नाणे हातोहाती फिरले की झिजते, वजन घटते. मग हजारो प्राचीन नाणी तराजूत तोलून त्यांचा काळक्रम का लावता येणार नाही? कोसंबींनी तो लावून दाखवला. पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा वस्तू काय साक्ष देते, हे त्यांनी आधी पाहिले. आम्हा वकिलांच्या भाषेत सांगायचे तर ऐकीव साक्षीपेक्षा प्रत्यक्ष पुरावा मोठा.

हीच नजर घेऊन ते कार्ल्याच्या लेण्यात गेले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते चैत्यगृह, छताच्या लाकडी कमानी आजही शाबूत. आपण सहलीला जातो, फोटो काढतो, परत येतो. कोसंबींनी खांबांवरचे ब्राह्मी लेख वाचले. त्यांत दाते कोण? धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, यवन आहेत, दरवाजा घडवणारा सुतारही आहे. म्हणजे हे वैभव एकट्या राजाचे नव्हे, ते कष्टकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे आहे! लेणी घाटवाटांवर का कोरली, तिथेच गावोगावच्या मातृदेवतांची ठाणी का, धनगरांच्या वाटा कुठून जातात, हे सारे त्यांनी पायी हिंडून जुळवले. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा ग्रंथ आला आणि राजेरजवाड्यांच्या सनावळ्यांचा इतिहास मागे पडला.

कोसंबी मार्क्सवादी होते. विहारांकडे ते धम्मकेंद्र म्हणून जेवढे पाहत, तेवढेच व्यापाराला भांडवल पुरवणारी संस्था म्हणूनही पाहत. हे आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. पण चिकित्सेला भिणारा माणूस बुद्धाचा अनुयायी कसला? मत पटले नाही तर पुराव्याने खोडावे, एवढेच.

२९ जून १९६६ रोजी पुण्यातच झोपेत त्यांचे निधन झाले. वयाची साठीही गाठली नव्हती. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. तिकीट निघाले, पण त्यांची नजर आपण घेतली का?

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे संविधानाच्या कलम ४९ ने राज्यावर टाकलेले कर्तव्य आहे. वारसा जपणे हे कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे. १९५८ च्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई झाली. स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हे कवच घोषित स्मारकालाच. जी टेकडी घोषित नाही, तिच्यावरच्या खड्यांना ते कोठून मिळणार? आणि घोषित लेण्यांतही खांबांवर नावे कोरणारे हात कमी नाहीत. दोन हजार वर्षे टिकलेली सुताराची अक्षरे आपल्या डोळ्यांदेखत पुसली गेली, तर उद्या कोर्टात आपण कोणता पुरावा मांडणार?

बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी कार्ल्याला जाल तेव्हा मुलांना एक तरी शिलालेख दाखवा. खांबाला हात लावू नका, पण तो कोणी दिला हे जरूर सांगा. आपला इतिहास तिथे दगडावर लिहिलेला आहे. तो वाचणारे आणि राखणारे आपणच असले पाहिजे.