कारागिरांचा कैवारी शास्त्रज्ञ : कामर्लिंग ऑनेस

मोठे शोध पुस्तकी विद्वत्तेतूनच लागतात, हातांनी काम करणाऱ्यांचा त्यात वाटा नसतो, असा समज आपल्याकडे रूढ आहे. हाइके कामर्लिंग ऑनेस या डच शास्त्रज्ञाचे चरित्र हा समज खोटा ठरविते.

ऑनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे झाला. वडिलांचा विटांचा कारखाना होता. १८८२ साली, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

वायू पुरेसा थंड केला की त्याचा द्रव होतो. अशा अतिशीत तापमानात पदार्थ कसे वागतात हे अचूक मोजावे, हा ऑनेस यांचा ध्यास होता. परंतु त्यासाठी लागणारी यंत्रे व काचेची नाजूक पात्रे बाजारात तयार मिळत नव्हती. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतच कार्यशाळा उभारली. यंत्रकामाची जबाबदारी खेरिट फ्लिम यांच्याकडे, तर काचकामाची ऑस्कर केसेलरिंग यांच्याकडे होती.

कुशल हात आयते मिळत नाहीत, ते घडवावे लागतात, हे ऑनेस यांनी ओळखले. १९०१ साली त्यांनी उपकरणे बनविण्याचे शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. होतकरू मुले प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करीत धातुकाम व काच फुंकण्याची कला शिकू लागली. त्यांच्या निळ्या पोशाखामुळे लोक त्यांना 'निळी मुले' म्हणत.

अडचणीही आल्या. दाबाखालील वायूंचा स्फोट होईल या भीतीने १८९५ साली नगरपालिकेने हरकत घेतली आणि परवानगी मिळेपर्यंत १८९८ साल उजाडले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप करून आघाडी घेतली. ऑनेस खचले नाहीत. १० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून चाललेल्या प्रयोगात सायंकाळी हेलियम प्रथमच द्रवरूप झाला. तापमान होते उणे २६९ अंश सेल्सियस! या यशाचा वृत्तांत लिहिताना त्यांनी फ्लिम व केसेलरिंग यांच्या साहाय्याचा नावानिशी उल्लेख केला.

१९११ साली अतिशीत पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा होतो, असे त्यांच्या प्रयोगशाळेत आढळले. हीच अतिसंवाहकता. आज रुग्णालयांतील अनेक एम.आर.आय. यंत्रांचे शक्तिशाली चुंबक याच तत्त्वावर चालतात. १९१३ साली ऑनेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी काढलेली कारागिरांची शाळा लायडनमध्ये आजही चालू आहे.

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी लेथ, वेल्डिंग वा सूक्ष्म उपकरणांचे काम शिकू म्हणत असेल, तर त्यास कमी लेखू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, पदवी घ्याच, पण हातांनाही शिकवा. लायडनच्या त्या प्रयोगात प्राध्यापकाची बुद्धी आणि कारागिराचा हात यांपैकी एक जरी उणा असता, तरी हेलियमचा थेंब दिसला नसता.